ऑपरेटरच्या रकान्यात माझी सही

बर्फाच्या कारखान्यात मला घेतलं ते वही लिहायला. अर्ज मी इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी केला होता. आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, एक वर्षाची अप्रेंटिसशिप झालेली होती. शेठनी सगळे कागद पाहिले, मग मला पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं."

आगाशीहून अर्नाळ्याला येताना डाव्या हाताला तो कारखाना होता. अर्नाळ्याच्या होड्या त्याच्याच बर्फावर समुद्रात जायच्या. दोन हजारनंतरची ती वर्षं. दिवसातून सहा-सहा, आठ-आठ तास लाइट जायचे, आणि लाइट गेले की कारखाना डिझेलच्या जनरेटरवर चालायचा. जनरेटरच्या शेडमध्ये एक टेबल होतं, टेबलावर एक लांबट वही. दर तासाला मीटरवरचे आकडे बघून त्या वहीत लिहायचे, हे माझं काम. किती व्होल्ट, किती अँपियर, इंजिनाच्या पाण्याचं तापमान, तेलाचा दाब. शेवटचा रकाना ऑपरेटरच्या सहीचा. तिथे मी लिहायचं नव्हतं.

ऑपरेटर रत्नागिरीकडचे होते, विरारला फ्लॅट घेऊन राहायचे. वय पन्नाशीच्या पुढे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायची. इंजिन त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, हे मी आजही सांगेन. चालत्या इंजिनाच्या बाजूनं नुसते गेले तरी डिझेलचा कुठला नोझल खराब झालाय ते सांगायचे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी मीटर आणि खटके असलेल्या पॅनेलसमोर खडूनं एक रेघ मारली आणि मला म्हणाले, "या रेघेच्या अलीकडे बसायचं. हँडलला बाईमाणसाचा हात लागता कामा नये."

"का, काका?"

"शॉक बाई-पुरुष बघत नाही म्हणून."

"मग हँडल तरी कशाला बघेल?" मी म्हटलं.

पुढचे आठ महिने त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए वही" म्हणायचे. मी ओ द्यायची नाही. मग ते टेबलावर बोटं वाजवायचे, तेव्हा मी बघायची. खडूची रेघ मी रोज केर काढताना झाडूनं पुसायची आणि ते रोज पुन्हा मारायचे.

मी कोळीवाड्यातली. आई बोंबील सुकवायची, विकायची. बाबा मी सातवीत असताना गेले. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला माझ्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी होते. आमचे शिक्षक रागीट होते, पण त्यांचा राग सगळ्यांवर सारखा होता, आणि मला तेवढं पुरे होतं. एकदा त्यांनी मला जनरेटरचं कार्य विचारलं. मी पुस्तकातलं धडाधडा म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग सायकलचा एक जुना डायनामो माझ्या हातात ठेवला. "हा उघड. यातलं काय फिरतं आणि काय जागेवर राहतं ते दाखव. पुस्तक घरी ठेवून ये." तो डायनामो मी आठवडाभरासाठी घरी नेला, खोलला, जोडला, पुन्हा खोलला. शेजारची एक बाई आईला म्हणाली, पोरीला हे काय वायरीबियरीचं लावलंस. आई बोंबील उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी पोर वायर जोडते. कोनाचं घर तर नाय ना तोडत?"

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या. बर्फ कुणाला लागत नाही, त्यामुळे कारखानाही बंद राहायचा. त्या वर्षी शेठनी बंदीच्या दिवसांत जनरेटरच्या शेडची जमीन नव्यानं करून घेतली. मशीन खालून सोडवून बाजूला सरकवलं, सिमेंट वाळल्यावर पुन्हा जागेवर आणलं. इंजिन आणि जनरेटर यांचा सांधा नीट बसेना, म्हणून काकांनी त्यावर घण घातला. एक-दोन नाही, चांगले वीस-पंचवीस घाव. मी तेव्हा आकडे नसलेली वही घेऊन तिथेच बसले होते. "काका, एवढं ठोकू नका," एवढं मी म्हटलं. त्यांनी घण माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "तू बसवतेस?" मी उठले, पण तोवर त्यांनी पुढचा घाव घातला होता.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा कारखाना सुरू करायचं ठरलं. बर्फ काही स्विच दाबला आणि झाला असं होत नाही. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी आधी थंड करावी लागते, मग त्यात साध्या पाण्याचे डबे सोडायचे. मध्ये वीज गेली की टाकी पुन्हा तापायला लागते. त्या दिवशी सकाळी नऊला लाइट गेले. काकांनी इंजिन सुरू केलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, आवाज एकदम गोल. पण पॅनेलवरच्या व्होल्टमीटरचा काटा शून्यावरच बसून राहिला.

काकांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. इंजिन बंद केलं, पुन्हा लावलं. काटा हलेना. तिसऱ्यांदा करून झाल्यावर त्यांनी शेठना बोलावलं.

शेठ नंदाखालच्या वाडीवाल्या घरातले. केळी, नारळ, घरी दोन गाई. धंद्यात मुरलेला माणूस, पण मशीन म्हटलं की ते काकांच्या तोंडाकडे बघायचे.

"आतल्या तारांचं वाइंडिंग जळलंय," काका म्हणाले. "खोलून वसईला पाठवायला लागेल. आठ दिवस तरी."

"आठ दिवस? चार दिवसांनी होड्या जाणार," शेठ म्हणाले. "बर्फ नसेल तर लोक दुसरीकडून उचलतील. मग वर्षभर परत येतात होय?"

"जळलंय त्याला मी काय करू?"

मी टेबलाशी उभी होते. "जळलं नाय," मी म्हटलं. "जळल्याचा वास नाय येत. आनि मशीन दोन महिने चाललंच नाय तर जळेल कसं?"

काका वळले. "तू मध्ये बोलू नकोस."

"मला मीटर लावून बघू द्या, शेठ. पाच मिनटं."

शेठनी घड्याळ पाहिलं. "बघू दे तिला. नाहीतरी आपण उभेच आहोत."

त्या दिवशी खडूची रेघ मारायला काकांना सवड झाली नव्हती. मी पुढे गेले, इंजिन बंद असल्याची खात्री केली, जनरेटरच्या डोक्यावरचं झाकण काढलं आणि माझा मल्टीमीटर लावला. तिन्ही फेजच्या तारा मोजल्या. तिघींचा आकडा सारखा. वाइंडिंग जळलं असतं तर एकीचा तरी आकडा फिरला असता. मग मेगर लावून पाहिलं, दोन महिन्यांच्या दमट हवेनं तारांवरचं आवरण बाद झालंय का ते. ठीक होतं. मग काकांना म्हटलं, "आता इंजिन लावा. वेगात येऊ द्या." त्यांनी शेठकडे पाहिलं, शेठनी मान हलवली. इंजिन वेगात आलं. मी मीटर बघितला. शून्य.

"बघितलंत?" काका म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

"हाच तर मुद्दा आहे," मी म्हटलं. "मशीन चांगलं असतं तर नुसतं फिरताना पन पाच-सात व्होल्ट दाखवले असते. इथे काहीच नाय. याच्या लोखंडातलं चुंबकपन गेलंय."

"काय गेलंय?" शेठनी विचारलं.

"चुंबकपन."

काका हसले. "आधी चुंबकपण म्हणायला शीक. पाणीसुद्धा नीट म्हणता येत नाही आणि जनरेटर शिकवतेय."

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी सांगते, कारण ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. कान तापले. शाळेत बाईंनी 'पाणी' हा शब्द मला वर्गासमोर दहादा म्हणायला लावला होता, तसंच झालं. शाळेत मी दहादा म्हटला होता. इथे मी काकांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "पानी म्हटलं तरी त्याचा बर्फच होतो, काका."

शेठच्या तोंडावर हसू आलं ते त्यांनी रुमालानं पुसलं. "बरं. मला समजेल असं सांग. मला यातलं काही येत नाही, हे धरून सांग."

मी सांगितलं. माझ्या बोलीत सांगितलं, एक शब्द शुद्ध करायला गेले नाही.

"हे बघा शेठ. ह्या पत्र्याच्या आत मधोमध एक लोखंडाचा गाडा आहे, इंजिन त्याला फिरवतं. त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली आहे. त्या तारेत वीज सोडली की लोखंडाचा लोहचुंबक होतो. आनि त्याच्या भोवती, ह्या कडेला, तांब्याचीच वेटोळी बसवलेली आहेत. ती जागची हलत नायत. फिरत्या चुंबकाचं एक टोक वेटोळ्यासमोरून गेलं की वेटोळ्यात वीज एका बाजूला धावते. मागोमाग दुसरं टोक येतं, मग ती उलट्या बाजूला धावते. सेकंदाला पन्नास वेळा जायचं, पन्नास वेळा यायचं. म्हनून त्याला एसी म्हनतात."

"नुसती पुढे-मागे होते? मग पोचते कुठे?"

"करवत पन पुढे-मागेच होते. लाकूड कापलं जातंच ना?"

शेठ पुढे सरकले. "चालेल. पण तू म्हणालीस, मधल्या गाड्याच्या तारेत वीज सोडायची. ती कोण सोडतं?"

"तीच तर गंमत आहे. ती हे मशीनच देतं. स्वतः केलेल्या विजेतली थोडी परत आत घेतं."

"म्हणजे वीज करायला आधी वीज पाहिजे?"

"दही लावायला आधी दही लागतं, तसं."

"विरजण," शेठ म्हणाले.

"हा. मशीन बंद झालं तरी लोखंडात विरजनाएवढं चुंबकपन उरतं. पुढच्या वेळेला फिरायला लागलं की त्याच्यावर पाच-सात व्होल्ट होतात. ते आत जातात, चुंबक जरा वाढतो, मग वीज वाढते, मग चुंबक अजून वाढतो. बघता बघता चारशे पंधरा. पन विरजनच नसेल तर दूध कितीही हलवा. मशीन दोन महिने पडून होतं. आनि वर..." मी थांबले. काका माझ्याकडे बघत होते. "आनि वर त्याला घनाचे घाव बसलेत. लोखंडाला असे हादरे बसले की चुंबकपन उतरतं."

तेव्हा मला कळलं की काका वाइंडिंग जळल्याचं का धरून बसले होते. जळलं असेल तर दोष मशीनचा. चुंबकपण उतरलं असेल तर दोष घणाचा. त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला. वाईट वाटलं का? थोडंसं वाटलं. पण मी शब्द मागे घेतला नाही.

"उपाय?" शेठनी विचारलं.

"बाहेरून विरजन लावायचं. कारखान्याच्या टेम्पोची बॅटरी द्या मला."

बारा व्होल्टची बॅटरी काढून आणली. इंजिन बंद करून मी आतल्या तारेकडे, म्हणजे फील्डकडे, जाणारी दोन टोकं सोडवली, म्हणजे बॅटरीची वीज व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमध्ये शिरू नये. अधिकला अधिक, उण्याला उणे, चिमटे लावले. मनात पाच अंक मोजले आणि चिमटा काढला. टोकं जागेवर जोडली. "लावा, काका."

इंजिन लागलं. काटा शून्यावर.

"झालं समाधान?" काका म्हणाले. "शेठ, मी वसईला फोन करतो."

शेठनी खिशातून मोबाइल काढून त्यांच्याकडे दिलासुद्धा. मला काही सुचेना. सगळं बरोबर केलं होतं, शिक्षकांनी शिकवलं होतं तसंच. मी बॅटरीकडे बघत उभी राहिले आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. चिमटा काढताना ठिणगी पडली नव्हती. इतक्या तारेतून वीज वाहत असती तर काढताना चटकन निळी ठिणगी पडायलाच हवी होती. ठिणगी नाही, म्हणजे बॅटरीची वीज आत गेलीच नव्हती. वाटेत कुठेतरी अडली होती.

"फोन नका करू," मी म्हटलं. "इंजिन बंद करा."

"ए वही, आता पुरे."

"इंजिन बंद करा, काका. मला आत हात घालायचाय."

त्यांनी बंद केलं नाही. मी रेघ असायची ती जागा ओलांडून पॅनेलजवळ गेले आणि इंजिन बंद करायचा खटका मीच ओढला. शेडमध्ये शांतता झाली. काका अर्धं पाऊल पुढे आले, मग थांबले. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझा हात त्या खटक्याला लागला होता, आणि काही बिघडलं नव्हतं.

फिरत्या गाड्याला वीज पोचवायची तर तार बांधून चालत नाही, पिळून तुटेल. म्हणून आसावर दोन पितळी कड्या असतात, स्लिप रिंग, आणि त्यांना टेकून कोळशाचे दोन ठोकळे, ब्रश. कडी फिरते, ब्रश तिला घासत राहतो, वीज आत जाते. मी टॉर्च मारला. दोन महिन्यांच्या खाऱ्या हवेनं दोन्ही कड्यांवर हिरवट-काळा थर चढला होता. बारीक पॉलिशपेपरनं मी त्या घासल्या, पितळ पिवळंजर्द दिसेपर्यंत. कोपरापर्यंत हात काळा झाला. ब्रश वरखाली करून बघितले, स्प्रिंगा मोकळ्या होत्या. पुन्हा टोकं सोडवली, पुन्हा चिमटे लावले, पुन्हा पाच मोजले.

चिमटा काढला आणि ठिणगी पडली. बोटाला चटका बसला. मी हात झटकला नाही, काका बघत होते म्हणून. टोकं जागेवर जोडली.

"लावा."

काटा आधी जागच्या जागी थरथरला. मग शंभर, दोनशे, आणि मग एकदम वर जाऊन चारशे पंधराच्या आसपास थांबला. मी तिन्ही फेज तपासल्या. शेठना म्हटलं, "ब्रेकर टाकते." विचारलं नाही, सांगितलं. पलीकडे टाकी थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरच्या मोटरनं घरघर केली आणि पट्टा पळायला लागला.

काका म्हणाले, "नशीब."

"असेल," मी म्हटलं. "पुढच्या वेळेला तुमचं नशीब लावून बघू."

पण गोष्ट इथे संपली नाही. खरं भांडण त्यानंतर झालं. मी टेबलाशी बसून वही उघडली आणि लिहिलं: व्होल्टेज येत नव्हते, लोखंडातले चुंबकत्व गेले होते, स्लिप रिंग साफ करून बॅटरीने फील्ड चार्ज केले, व्होल्टेज पूर्ववत. लिहिताना मी शुद्धच लिहिते. आणि शेवटच्या रकान्यात, ऑपरेटरच्या, माझी सही केली.

काकांनी वही ओढून घेतली आणि सहीवर आडवी रेघ मारून खाली स्वतःची केली. मी वही परत घेतली आणि त्यांच्या सहीखाली माझी केली. त्यांनी ती खोडली. मी पुन्हा केली. त्या रकान्यात जागा उरली नाही तेव्हा मी समासात केली. शेठ दारात उभे होते.

"अगं, जाऊ दे ना," ते मला म्हणाले. "काम झालं. वहीत कोणाची सही आहे ते कोण बघतंय?"

"कोनी बघत नाय तर मग माझी असली म्हनून काय बिघडतं?"

"वयानं मोठे आहेत ते."

"म्हनून त्यांना काकाच म्हनते. पन हे काम त्यांनी केलं नाय. वहीत खोटं लिहायचं असेल तर वहीला दुसरं मानूस बघा, मी आत्ता निघते."

मी खरंच पिशवी उचलली होती. घरी आई, एक भाऊ, बंदीचे दोन महिने हातउसन्यावर काढलेले. नोकरी जाणं परवडणारं नव्हतं. शेठ टेबलाशी आले, वहीतली खोडाखोड पाहिली. मग त्यांनी काकांना विचारलं, "घण तुम्ही मारला होता?"

 काकांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, खिडकीत ठेवला आणि तोंड धुवायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून दिवसपाळीचं पॅनेल माझ्याकडे आलं. पगारपत्रकावर मात्र मी पुढे वर्षभर 'कारकून' राहिले. दर महिन्याला सही करताना मी त्या शब्दापुढे कंसात 'इलेक्ट्रिशियन' लिहायची, आणि शेवटी कंटाळून त्यांनी तो शब्द बदलला. काका आणि मी त्या शेडमध्ये आणखी पाच वर्षं काम केलं. आमचं मेतकूट जमलं असं म्हणणार नाही. इंजिनाचं काही अडलं की मी त्यांना विचारायची, ते नीट सांगायचे. विजेचं काही अडलं की ते मला विचारायचे नाहीत. नुसते पॅनेलपासून बाजूला होऊन उभे राहायचे. मी समजून जायची.

त्या वर्षी होड्या निघायच्या आदल्या दिवशी आई कारखान्यावर आली. वॉचमननं तिला फाटकाशी अडवलं, तर ती त्याला म्हणाली की आतलं मशीन माझ्या पोरीचं आहे, आणि सरळ चालत शेडमध्ये आली. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली. मी तिला लांबूनच सगळं दाखवलं, हे इंजिन, हा जनरेटर, हे पॅनेल. ती तोंडावर पदर धरून त्या आवाजात बराच वेळ उभी राहिली.

"एवढा आरडाओरडा करून यातून निघतं काय?" तिनं माझ्या कानाशी ओरडून विचारलं.

"वीज."

"दिसत तर काय नाय."

"दिसत नाय. असते."

ती पॅनेलसमोरच्या माझ्या स्टुलावर बसली, पायांवरची वाळू झटकली आणि म्हणाली, "बसायला तरी बरं दिलंय. आता बर्फ किती वाजता मिळेल ते सांग, खाडीची कोलंबी तापतेय माझी."